पळताना कृत्रिम पायाचा दणका नेमका कुठे जिरतो?

गंगापूर_रोड | १२ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. सहा वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

वय ३८, वजन ७० किलो (पायासकट. तो धरायचा की नाही यावर घरात दोन मतं आहेत). चार वर्षांपूर्वी अपघातात उजवा पाय गुडघ्याखाली गेला. नडगी साधारण निम्मी शिल्लक आहे (या उरलेल्या भागाला स्टंप म्हणतात). चालणं, जिने, स्कूटर, ऑफिस सगळं सुरळीत. माझा रोजचा पाय असा: आत सिलिकॉनचा लायनर (स्टंपवर चढवायचा मऊ मोजा), त्याच्या टोकाला दातेरी पिन, ती सॉकेटच्या (स्टंप ज्यात बसतो त्या कडक पेल्याच्या) तळाशी कट-कट करत लॉकमध्ये बसते. सॉकेटखाली अॅल्युमिनियमची नळी, तिच्याखाली कार्बनचं साधं पाऊल, त्यावर रबरी कव्हर आणि बूट.

दिवाळीनंतर पळायचं खूळ डोक्यात शिरलं. पहाटे गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर जातो. शंभर मीटर झाले की थांबतो, कारण पाय टेकला की दणका थेट कमरेत आणि तिथून दाढेत. अतिशयोक्ती नाही, खरंच दाढेत. डाव्या पायाला असलं काही नाही. तिसऱ्या दिवशी स्टंपचं टोक लालभडक झालं आणि बाहेरच्या बाजूला जे हाडाचं बोंड असतं ते ठणकायला लागलं.

तीन ठिकाणी विचारलं, तीन उत्तरं मिळाली. एक म्हणाले, शॉक अॅब्सॉर्बरवाली नळी टाकू, प्रश्न मिटला. किंमत ऐकून हातातला चहा गार झाला. दुसरे म्हणाले, ब्लेडशिवाय (पळण्यासाठीच्या वाकड्या कार्बन पट्टीशिवाय) पळूच नका. तिसऱ्यांना लायनर जाड हवा होता. तिघांनीही मला पळताना पाहिलेलं नाही.

तर जाणकारांनो, पाऊल, नळी, सॉकेट, लायनर यातलं कोण किती दणका खातं? पैसे एकदाच घालायचे आहेत.

---

चिंचगूळ | १२ जानेवारी, रात्री ९:५२

वाचतोय. आणि दोन धड पाय असून मी रिक्षा करतो, त्याची लाज वाटली.

---

अर्धा_कप | १२ जानेवारी, रात्री ११:१५

मी पायांतला नाही, गाड्यांच्या सस्पेन्शनमधला आहे. चाकणला एकोणीस वर्षं झाली. पण दणका हा दणकाच, म्हणून लिहितो. माणसाच्या शरीराबद्दल चुकलो तर कान धरा.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू, कारण त्या तिघांनी त्या एकाच पातेल्यात शिजवल्या आहेत.

पहिली म्हणजे ठोका. पाय जमिनीला लागतो त्या पहिल्या ०.०५ सेकंदात तुमचं सगळं अंग थांबत नाही. फक्त पाऊल आणि नडगीचा भाग थांबतो, वरचा माणूस अजून खाली येतच असतो. तुमच्या दाढेत जातो तो हा ठोका.

दुसरी म्हणजे भार. ठोक्यानंतर सगळं अंग त्या पायावर दबतं आणि पुन्हा वर उचललं जातं. आपल्या वेगाच्या पळण्यात हा भार वजनाच्या दोन-अडीचपट होतो. तुमच्या बाबतीत जवळपास १७५ किलो. आता हे नीट वाचा: हा भार कुठलाही महाग पार्ट कमी करू शकत नाही. मिनिटाला १६० पावलं धरली तर एका पावलाच्या वाट्याला ०.३७५ सेकंद येतात. त्यातले ०.२५ सेकंद पाय जमिनीवर, उरलेला वेळ तुम्ही हवेत. हवेत असताना जमीन तुम्हाला उचलत नाही, म्हणजे ती थकबाकी जमिनीवर असताना फेडावी लागते. सरासरीच दीडपट येते आणि मधला कळस त्याच्या वर जातो. पळायचं तर हे भाडं भरायचंच.

ठोका मात्र कमी करता येतो, आणि तो कमी होतो अंतराने. बांधकामावर विटा झेलणारा बिगारी पाहिलाय का? खालून फेकलेली वीट तो हात ताठ ठेवून घेत नाही, विटेबरोबर हात थोडा मागे नेतो. समजा पाऊल सेकंदाला एक मीटर वेगाने खाली येतंय. ते १ सेंटीमीटरमध्ये थांबलं तर मंदन गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट. ५ सेंटीमीटरमध्ये थांबलं तर एकपट. अंतर पाचपट झालं की जोर पाचवा हिस्सा. बाकी सगळी जाहिरात.

आता तुमची उतरंड बघू. बुटाचा सोल, पावलाची टाच, नळी, सॉकेट, लायनर, स्टंपचं मांस, गुडघा. हे सगळे एकावर एक ठेवलेले स्प्रिंग. अशा रचनेत जो सर्वांत मऊ असतो तोच जास्त दबतो, म्हणजे अंतर तोच देतो. आधीच एखादा भाग पुष्कळ दबत असेल तर नवीन स्प्रिंग घालून एकूण बेरजेत फारसा फरक पडत नाही. आणि जो भाग दबून तळाला टेकला तो त्या क्षणापासून स्प्रिंग राहत नाही, दगड होतो. माझा संशय तुमच्या उतरंडीत काहीतरी तळाला टेकतंय यावर आहे. काय ते मला सांगता येणार नाही.

---

पेन्शनर_काका | १३ जानेवारी, सकाळी ६:०५

अर्धा_कप, छान समजावलंत. पण एवढं परदेशी सामान कशाला? आमच्या खात्यातला एक शिपाई जयपूर फूट लावून रोज सायकलने यायचा, शेतात अनवाणी काम करायचा, झाडावर चढायचा. १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी ते तयार केलं. सुधा चंद्रन त्यावर भरतनाट्यम नाचल्या. त्यात रबरच रबर आहे, दणका कसा लागेल?

---

प्लास्टरचे_हात | १३ जानेवारी, दुपारी २:२०

मी कृत्रिम पाय बनवण्याच्याच धंद्यातली. रोज प्लास्टर कालवते आणि साचे तासते, म्हणून हे नाव. मी डॉक्टर नाही, कृपया तसं संबोधू नका.

काका, जयपूर फूटबद्दल तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. टाचेत आणि पुढच्या भागात स्पंज रबराचे ठोकळे, घोट्यापाशी लाकूड, आणि सगळ्यावर रबर चढवून साच्यात भाजलेलं. ते सगळ्या बाजूंनी वाकतं, म्हणून उकिडवं बसता येतं, मांडी घालता येते, नांगरटीच्या ढेकळांवर चालता येतं. टाच मऊ असल्याने ठोकाही ते चांगला खातं. पण खाल्लेलं परत देत नाही. रबरात गेलेल्या शक्तीची बरीचशी उष्णता होते. चालताना चालून जातं. पळताना मात्र प्रत्येक पावलाला तुम्हाला स्वतःला नव्याने उचलावं लागतं, आणि वाळूत पळाल्यासारखी मांडी भरून येते.

कार्बनचं उलट. पट्टी वाकते, ताणलेल्या धनुष्यासारखी शक्ती साठवते आणि पाय उचलताना त्यातली नव्वद टक्क्यांच्या आसपास परत देते. व्हॅन फिलिप्स या अमेरिकी माणसाचा पाय १९७६ मध्ये पाण्यावरच्या स्कीइंगमध्ये गेला. मिळालेल्या लाकडी-रबरी पायाला वैतागून त्याने स्वतःच हे बनवायला घेतलं. आज शर्यतीत दिसणारं ब्लेड त्याच घराण्यातलं.

म्हणजे 'दणका खाणं' आणि 'दणका साठवून परत देणं' ही दोन कामं आहेत. दुकानात दोन्ही एकाच नावाने विकली जातात.

आता गंगापूर_रोड, तुमच्यासाठी प्रश्न. उत्तरं नीट द्या, अंदाजे नको.

पाय घालताना पिनचे किती 'कट' ऐकू येतात? पळून आल्यावर लगेच खाली बसू नका, उभ्यानेच वजन टाकून पुन्हा मोजा. स्टंपचं टोक लाल होतं ते कुठे, अगदी खाली की नडगीच्या पुढच्या कडेवर? स्टंप सॉक (लायनरवर चढवायचा मोजा) किती प्लायचा, म्हणजे किती जाडीचा घालता? आणि उजव्या पायावर सगळा भार घेऊन गुडघा किती वाकवता येतो, जिन्याच्या पायरीवरून हळूहळू उतरताना वाकवता तेवढा?

अॅलन की घेऊन पायाचे स्क्रू स्वतः फिरवू नका. हे लिहायला लागतं, कारण लोक फिरवतात.

---

डोंगरवाट | १३ जानेवारी, दुपारी ३:०१

शेवटची ओळ माझ्यासाठी आहे. फिरवली होती. पाऊण फेरा. भाजी मंडईत कोथिंबिरीवर पडलो.

---

टवाळ_पोर | १३ जानेवारी, सायंकाळी ५:४४

ब्लेड घ्या ना सरळ! दोन्ही पायांना ब्लेड लावून पळणाऱ्या ऑस्कर पिस्टोरियसला बंदी घातली ती उगाच का? ब्लेडवाले आपल्यापेक्षा फास्ट पळतात.

---

अर्धा_कप | १३ जानेवारी, सायंकाळी ६:३०

पोरा, अर्धी बातमी वाचलीस. कोलोनच्या प्रयोगशाळेत मोजलं तेव्हा त्याच्या ब्लेडमध्ये सुमारे ९ टक्के शक्ती वाया जात होती, धडधाकट धावपटूंच्या घोट्यात सुमारे ४१ टक्के. त्यावरून जानेवारी २००८ मध्ये बंदी आली. मे महिन्यात क्रीडा लवादाने ती उठवली, कारण चाचणी फक्त सरळ रेषेतल्या भरधाव पळण्याची होती. सुरुवातीला उठताना आणि वेग घेताना काय होतं ते तिने पाहिलंच नव्हतं. घोट्यामागे पोटरीचा स्नायू असतो, तो नव्याने जोर घालतो. ब्लेड स्वतःहून एक पैसाही घालत नाही, ठेवलं तेच परत, तेही कापून.

आणि २०१० मध्ये एका पायाने ब्लेडवर पळणाऱ्यांची चाचणी झाली. त्यात ब्लेडच्या बाजूने जमिनीला दिलेला जोर धड पायापेक्षा सरासरी ९ टक्के कमी भरला. फुकट काही नाही.

(पुढे त्या माणसाने जे केलं त्यासाठी तो तुरुंगात गेला. त्यावर इथे चर्चा नको.)

---

संपादक | १३ जानेवारी, सायंकाळी ६:५५

वरच्या कंसातल्या विषयावर आलेले चार प्रतिसाद उडवले आहेत. धागा पायावर राहू दे.

---

डोंगरवाट | १३ जानेवारी, रात्री १०:१०

आता कोथिंबीर बाजूला ठेवून कामाचं लिहितो. माझा डावा पाय गुडघ्याच्या वरून गेलेला, म्हणजे आम्ही 'अबव्ह नी'. गंगापूर_रोड, तुमच्याकडे जे आहे ते माझ्याकडे नाही, म्हणून त्याची किंमत तुमच्यापेक्षा मला जास्त कळते. तुमचा गुडघा.

धड माणूस पळताना पाय टेकवतो आणि लगेच गुडघा आणखी वाकतो. चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो. अर्धा_कप म्हणतात ते अंतर सगळ्यात जास्त तिथे मिळतं. माझा यांत्रिक गुडघा टेकताना सरळच राहावा लागतो, वाकला की मी खाली. म्हणजे माझा सगळ्यात मोठा शॉक अॅब्सॉर्बर बंद, आणि ठोका कंबर आणि ब्लेड दोघांत वाटायचा. आमच्यातले काही लांब पळणारे तर गुडघा काढूनच टाकतात. मांडीच्या सॉकेटखाली सरळ नळी, तिच्याखाली ब्लेड, आणि पाय बाहेरून कोयत्यासारखा फिरवत पुढे आणायचा. दिसायला विचित्र, पण गुडघा दगा देईल ही धास्ती नाही.

टेरी फॉक्सचं जुनं चित्रण कधी पाहिलंत तर आवाज बंद करून फक्त त्याचे पाय बघा. १९८० मध्ये कॅनडात १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. उजवा पाय मांडीतून गेलेला. धड पायावर तो दोनदा उडी घेतो, कारण कृत्रिम पाय पुढे यायला तेवढा वेळ लागतो. म्हणजे डाव्या पायाला एका फेरीत दोन ठोके. लोक त्याच्या कृत्रिम पायाकडे बघतात, मला त्याचा डावा पाय आठवतो.

हे तुम्हालाही लागू आहे. खरा हिशेब धड पायाचा ठेवा. ज्यांचा एकच पाय गेलाय त्यांच्या धड बाजूच्या गुडघ्याची झीज लवकर होते, हे आमच्या ओपीडीत पहिल्याच दिवशी सांगतात. पळताना नकळत आपण उजवीकडून पटकन निसटतो आणि डावीकडे आदळतो.

---

लेकीचा_बाबा | १४ जानेवारी, सकाळी ११:३०

सगळ्यांना तिळगूळ. धागा हायजॅक करतोय, माफ करा. मुलगी नऊ वर्षांची, २४ किलो, जन्मतःच डावी नडगी अपुरी होती, ऑपरेशननंतर गुडघ्याखाली कृत्रिम पाय. शाळेत खो-खो खेळते, पाय चढवून बसते आणि सुसाट पळते. एका ओळखीच्यांनी त्यांच्या मुलाचं वापरलेलं ब्लेड देऊ केलंय. मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा होता. घ्यावं का?

---

प्लास्टरचे_हात | १४ जानेवारी, दुपारी १:०५

घेऊ नका. आभार माना आणि परत करा.

ब्लेड वजनाप्रमाणे आणि पळण्याच्या जोराप्रमाणे कडक-मऊ असतं. पंधरा वर्षांच्या मुलाचं ब्लेड तुमच्या मुलीखाली वाकणारच नाही. तिला ती लोखंडी पट्टी वाटेल आणि सगळा ठोका स्टंपला बसेल. मुलांच्या स्टंपमध्ये हाड टोकाला वाढत राहतं, कातडीला आतून टोचतं, त्यामुळे तिथे जास्तीचा मार आपल्याला परवडत नाही. खो-खोत बसणं-उठणं आणि झटक्यात दिशा बदलणं असतं. ब्लेडला टाच नसते, त्यावर स्थिर उभं राहणंही कठीण. तिला सध्याच्या पायावर खेळू दे आणि सॉकेट वेळच्या वेळी बदला. मुलं वाढतात.

---

अर्धा_कप | १४ जानेवारी, दुपारी १:४०

याला आमच्याकडचं उदाहरण आहे. एसटीचे पाटे भरलेल्या गाडीच्या हिशेबाने बसवलेले असतात. रात्रीच्या शेवटच्या रिकाम्या गाडीत मागच्या बाकावर बसून घाटात जाऊन बघा. पाटे तेच, रस्ता तोच, पण वजन नसल्याने पाटे दबतच नाहीत आणि प्रवासी छताला टेकतो. छोटीला नेमकं तेच होईल.

उलटही खरं. जास्त वजनाखाली फार मऊ पट्टी दिली तर ती पूर्ण दबून टेकते आणि मग ठोका दुप्पट.

---

गंगापूर_रोड | १५ जानेवारी, रात्री ८:२५

ताई, गृहपाठ केला.

सकाळी पाय घालताना ५ कट. चारशे मीटर (थांबत थांबत) पळून आल्यावर उभ्यानेच मोजले, ८! तीन कट कुठून आले कळेना म्हणून पाय काढून पुन्हा घातला, परत ८. लाली अगदी खालच्या टोकाला, दहाच्या नाण्याएवढी. सॉक एक प्लायचा, गेली दोन वर्षं तोच. पायरीवरून उतरताना गुडघा जरा वाकतो, मग मी कठडा धरतो. खरं सांगायचं तर त्या बाजूला विश्वासच नाही.

भाच्याकडून मोबाइलवर स्लो मोशन शूटिंग करून घेतलं, सेकंदाला २४० फ्रेमचं. रात्री एकेक फ्रेम पुढे ढकलत बसलो. टाच टेकल्यापासून १३ फ्रेम माझा गुडघा काठीसारखा ताठ. एकसुद्धा अंश हलत नाही. डाव्या पायाचा तिसऱ्या-चौथ्या फ्रेमपासून वाकायला लागतो. बायकोने मागून पाहिलं आणि म्हणाली, तू पळत नाहीयेस, खांब रोवत चाललायस.

---

अर्धा_कप | १५ जानेवारी, रात्री ८:५०

१३ फ्रेम भागिले २४० म्हणजे ०.०५४ सेकंद. ठोक्याचा अख्खा काळ तुम्ही गुडघ्याला कुलूप लावून काढताय. वहिनींना चाकणला नोकरी द्यायला तयार आहे.

---

प्लास्टरचे_हात | १५ जानेवारी, रात्री ११:३०

आता चित्र दिसतंय. नीट लिहिते, कारण हे बऱ्याच जणांच्या उपयोगी पडेल.

पाच कटांचे आठ झाले म्हणजे पळताना तुमचा स्टंप सॉकेटमध्ये खोल उतरला. स्टंप दिवसभरात आकसतो, दाबाखाली आणखी आकसतो. चार वर्षांत मांसही कमी झालं असणार, सॉकेट मात्र तेवढंच. गुडघ्याखालच्या सॉकेटमध्ये भार वाटून घ्यायचा असतो तो वाटीखालच्या कंडरेवर, नडगीच्या दोन्ही बाजूंच्या मांसावर आणि पोटरीवर. टोकाने फक्त हलका स्पर्श करायचा. तुमचा स्टंप खाली सरकला की आकार जुळत नाहीत. बोंडासाठी कोरलेली जागा वर राहते आणि बोंड कडक भिंतीवर घासतं. टोक तळाला आदळतं. अर्धा_कप ज्या 'तळाला टेकण्या'बद्दल बोलले ते हेच. मिनिटाला १६० पावलं धरून आठ मिनिटांत एक किलोमीटर म्हणजे उजव्या पायाला ६४० वेळा.

शिवाय पाय हवेत पुढे येताना पिन लायनरला खाली ओढते, टेकताना स्टंप वर ढकलला जातो. पंपाच्या दट्ट्यासारखी ही वर-खाली हालचाल. त्यात घाम. मे महिन्यात मुंबईकर पेशंट लायनर उलटा करतात तेव्हा पाणी ओतल्यासारखं गळतं.

जाड लायनर सुचवणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण जाड मऊ लायनरमध्ये हाडाला आत हलायला जास्त जागा मिळते. गादीवर उभं राहून पळाल्यासारखं. ठोका थोडा कमी, ताबा बराच कमी. आणि ताबा गेला की मेंदू गुडघा ताठ करतो. तुमचा ताठ गुडघा आळस नाही, ती भीती आहे, आणि ती सॉकेटमधून येते.

आणखी एक. रोजच्या पावलाची टाच चालण्यासाठी असते. पळताना त्या टाचेवर जोरात उतरलात तर ती नडगीला फटकन पुढे ढकलते, गुडघा मुडपेल असं वाटतं आणि माणूस तो आणखी ताठ करतो. ब्लेडला टाच नसते, ब्लेडवाला पुढच्या भागावरच उतरतो, म्हणून तो पहिला तीक्ष्ण ठोका ब्लेडवर कमी दिसतो. ब्लेडचा खरा फायदा हा. पण आठ कटांच्या सॉकेटखाली ब्लेड लावलंत तर महागाचं दुखणं घ्याल.

शॉकवाल्या नळीबद्दल: वाईट वस्तू नाही. चालण्यावरच्या अभ्यासात नेहमीच्या वेगाला फरक थोडाच, भरभर चालताना टेकतानाचा ठोका कमी झालेला दिसतो आणि वापरणारे आराम वाटतो म्हणतात. टेम्पोतून उडी मारणाऱ्या, दिवसभर जिने चढ-उतार करणाऱ्या माणसाला मी देईन. तुम्हाला आज नाही.

आज करायचं ते स्वस्त आहे. तीन प्लायचा सॉक घाला आणि पिन पुन्हा पाच कटांवर येते का बघा. लाली गेल्याशिवाय पळू नका. रोज पायरीवर कठडा धरून उजवा गुडघा वाकवत उतरा, दहा-दहा वेळा. आणि ज्यांनी सॉकेट केलं त्यांच्याकडे किंवा दुसरीकडे सॉकेट तपासून घ्या. दोनाचे चार प्लाय आणि चाराचे सहा होत गेले तर सॉकेट बदलायची वेळ झाली असं समजा.

---

पेन्शनर_काका | १६ जानेवारी, सकाळी ५:५०

म्हणजे मोज्याचा प्रश्न होता! तरी मी म्हणत होतो.

---

चिंचगूळ | १६ जानेवारी, सकाळी ८:१५

काका, तुम्ही जयपूर फूट म्हणत होता.

---

रानजाई | १६ जानेवारी, रात्री ९:००

पुण्यात असाल तर कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, मुंबईत हाजी अलीजवळ केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून. चौकशी करा. मेजर डी. पी. सिंग, ज्यांचा पाय कारगिलमध्ये १९९९ साली गेला आणि जे भारताचे पहिले ब्लेड रनर म्हणून ओळखले जातात, तेही आधी साध्या कृत्रिम पायावरच पळायचे. ब्लेड नंतर आलं.

शंका: हाडातच रॉड बसवतात ती शस्त्रक्रिया केली तर सॉकेटची कटकटच नाही ना?

---

प्लास्टरचे_हात | १६ जानेवारी, रात्री ९:४०

सॉकेटची कटकट नाही, पण मधली सगळी गादीही नाही. ठोका थेट हाडात. तसं बसवलेल्यांना सहसा पळू नका असंच सांगतात.

---

गंगापूर_रोड | ९ फेब्रुवारी, रात्री १०:०५

उशिरा येतोय, मधले अकरा दिवस ताईंच्या हुकमाने ट्रॅक बंद होता.

तीन प्लायचा सॉक घातला: ५ कट. पळून आल्यावर ६. दुसऱ्या रविवारी उन्हात ७ झाले, तिथेच बाकावर बसून एक प्लायचा आणखी चढवला. शेजारी प्राणायाम करणारे आजोबा डोळे उघडून बघत राहिले. लाली नाण्याएवढी होती ती आता शर्टाच्या बटणाएवढी. बोंड गप्प आहे.

नवीन सॉकेटचं माप दिलंय, दुसऱ्या ठिकाणी. त्यांनी मला बाहेर रस्त्यावर पळायला लावलं आणि स्वतः चप्पल घालून बाजूने पळाले.

भाच्याने परत शूटिंग केलं. गुडघा आता सातव्या फ्रेमला सुटतो. आवाजही बदललाय. आधी 'ठक' यायचा, आता 'थप'. दाढ दुखते अजून, पण डेंटिस्टने सांगितलं ती किडलेलीच होती.

---

अर्धा_कप | ९ फेब्रुवारी, रात्री १०:१२

०.०२९ सेकंद. डाव्याचा चौथ्या फ्रेमला सुटतो ना? अजून तीन बाकी आहेत.

---

लेकीचा_बाबा | १० फेब्रुवारी, सकाळी ७:२०

ताई, ब्लेड परत केलं. आणि तुमचं वाचून पोरीचे कट मोजले. सकाळी ४, खो-खोनंतर ४. तिला विचारलं, पळताना दणका बसतो का? म्हणाली, कुठला दणका?

---

डोंगरवाट | १० फेब्रुवारी, सकाळी ७:४५

गंगापूर_रोड, ते तीन प्लायचे सॉक नाशकात कुठे मिळाले? माझ्याकडचे सगळे कोथिंबिरीच्या रंगाचे झालेत.